चौदावी खिडकी

कुडतरीच्या तळ्यापासून चारशे पावलांवर,
वारसा यादीत क्रमांक सदतीस.
म्हाबळूनं फितीचं एक टोक धरलं, मी दुसरं,
आणि घर आमच्यामध्ये
शिंप्यासमोरच्या गिऱ्हाइकासारखं
श्वास रोखून उभं राहिलं.

मी लिहीत गेलो.
जोतं साडेचार फूट, चिऱ्याचं.
चिरा इथलाच, मागच्या विहिरीतून काढलेला,
म्हणजे घराचा काही भाग अजून खाली आहे,
पाण्याच्या आकाराचा.
बलकांव: सात पायऱ्या, समोरासमोर दोन बाकं,
एवढ्या अंतरावर की गुडघे लागू नयेत
पण कुजबुज पोचावी.
भिंतींना पिवळा चुना.
पांढरा इगर्जीचा, माणसांनी तो घ्यायचा नाही,
घेतलाच तर कडांपुरता.

खिडक्यांना काच नाही. शिंपले,
तासून पातळ केलेले,
लाकडी पट्ट्यांच्या चिमटीत एकेक धरलेले.
आतून ऊन दिसत नाही,
ऊन आल्याचं नुसतं कळतं,
शेजारच्या खोलीत कुणी अनवाणी यावं तसं.

दाराच्या डावीकडे सात, उजवीकडे सात.
चौदा, मी म्हटलं.
म्हाबळू आतून ओरडला, तेरा.
पुन्हा मोजलं. मी चौदा, तो तेरा.
आम्ही जागा बदलल्या.
आता तो चौदा, मी तेरा.

झेफेरीन, बावीस वर्षं जहाजांवर आचारी,
हल्ली या घराच्या चाव्यांचा धनी,
बांगडे साफ करत होता. सुरी खाली ठेवून उठला,
उजवीकडच्या शेवटच्या खिडकीवर
बोटाच्या पेरानं टकटक केली.
लाकूड वाजायला हवं होतं.
भिंत वाजली.

रंगवलेली.
चौकट, बिजागऱ्या, प्रत्येक शिंपला,
एक झडप तर किंचित उघडी,
फटीत अंधारसुद्धा काढलेला.

डावी बाजू बापानं बांधली, झेफेरीन म्हणाला, इनास गवंड्यानं.
माप म्हणजे हात,
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत.
दाराच्या कमानीपर्यंत आला आणि तापानं गेला.
पुढचं पोरानं केलं. चाळीस हात तिकडे, चाळीस इकडे,
ठरल्याप्रमाणे, एकही न चुकता.
पोर सोळाचं.
त्याचा हात बापाहून दोन बोटं आखूड.

तुला हे कुणी सांगितलं?
आधीच्या रखवालदारानं.
आणि त्याला?
झेफेरीननं खांदे उडवले, बांगड्यांकडे वळला.
वळता वळता म्हणाला, मालक कांयच उलोवंक ना.
रंगाऱ्याक आपयलो.

मी फीत टाकली.
उजवी बाजू पाच फूट एक इंच कमी.
कागदामागे दोन बोटांचा चाळीसशी गुणाकार केला,
जवळपास जुळला.
एक इंच उरला, तो कुणाचा ते माहीत नाही.

नमुना चार, रकाना अकरा:
दर्शनी भाग समरूप आहे काय? होय, नाही.
मी पेन उघडं धरून बराच वेळ उभा राहिलो.
शाई निबेवर सुकली.
मग रकाना बारा आधी भरला:
खिडक्या चौदा, पैकी उघडणाऱ्या तेरा.
अकरा कार्यालयात बघू.

निघताना झेफेरीनला विचारलं,
फेस्ताआधी खिडक्या पुसतोस, तेव्हा हिचं काय?
पुसतो की. बाकीच्यांना ओलं फडकं.
हिला कोरडं.

मडगावच्या बसमध्ये म्हाबळू खिडकीशी बसला,
नोकरीला लागून त्याला तीन महिने झालेत,
मिसरूड अजून नीट फुटलेलं नाही.
वांगडाला फीत होती, मांडीवर नकाशे.
तिकिटासाठी त्यानं हात पुढे केला
तेव्हा दिसलं:
पिवळा चुना लागला होता,
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत.